आधी अंगाला लागू दे

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर आमच्या इमारतीखाली शिंप्याचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशिनी, इस्त्रीचं टेबल आणि मास्टरला उभं राहता येईल एवढी जागा. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, पडदे, पॅन्टची लांबी कमी करणं असं काम दिवसभर चालतं आणि रात्री दुकान आवरताना कातरणाचं एक पोतं भरलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरच्या काकूंनी गोधडी शिवायला काढली, तेव्हा मास्टरने आपण होऊन ते पोतं पुढे केलं. "मौसी, ले जाओ. सब नया कपड़ा है." काकूंनी पोत्यात हात घातला, चार-पाच तुकडे अंगठ्याने बोटावर चोळून बघितले आणि परत आत टाकले. म्हणाल्या, "नया है, म्हणूनच नको रे बाबा. अजून कुणाच्या अंगाला लागलेलं नाही."

काकू साताऱ्याकडच्या. लग्न होऊन आधी परळच्या चाळीत आल्या, मग चाळ सोडून भाईंदरला. त्यांचं हे उत्तर मी जिन्यात उभ्या उभ्या ऐकलं आणि ते माझ्या डोक्यात बसून राहिलं. गोधडी म्हणजे उरल्यासुरल्या तुकड्यांची जोडाजोड, 'टाकाऊतून टिकाऊ', असंच मी आजवर धरून चाललो होतो. तसं असतं तर मास्टरचं पोतं म्हणजे घबाडच. फुकट, रंगीबेरंगी आणि दारात आलेलं. ते ज्या अर्थी नाकारलं गेलं, त्या अर्थी गोधडीला लागतं ते काही वेगळंच असणार. विचार करता करता मी जिथे पोचलो ते असं: गोधडीचा कच्चा माल कापड नाही, कापडाची झीज हा आहे. तुकडे कुठेही मिळतात. झीज मिळवायला वर्षं जावी लागतात आणि एखादं शरीर लागतं.

हे ऐकायला जरा कवितेसारखं वाटेल. पण मुळात ती साधी कापडाची गोष्ट आहे. दुकानातून आणलेल्या सुती कापडाला आपण कोरं म्हणतो. कोऱ्या कापडात खळ असते, ती विणताना सुताला बळ यावं म्हणून दिलेली. मागावर सूत ताणून धरलेलं असतं. पहिल्या धुण्यात पाणी लागलं की तो ताण सैल होतो आणि कापड आटतं. प्रत्येक कापड आटतं ते आपापल्या मापाने, एखादं जास्त, एखादं कमी. आता अशी वीस प्रकारची कोरी कातरणं एकत्र शिवली आणि गोधडी धुतली, तर प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने ओढणार. कुठे चुण्या पडणार, कुठे टाका तुटणार, एकाचा रंग दुसऱ्याला लागणार. उत्तन-गोराईपासून वसईपर्यंतच्या आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना ही गोष्ट बायबलमधूनच ठाऊक असते. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये, ते आटून जुन्याला ओढतं आणि फाटकं आणखी फाटतं, असा येशूचा दाखला आहे. त्यातला आध्यात्मिक अर्थ प्रवचनकार सांगतील. पण तो दाखला ऐकणाऱ्यांना लगेच पटला असेल तो घरोघरी बायकांनी हे आधीच अनुभवलेलं होतं म्हणून.

कोरं कापड धुऊन, वापरून, पुन्हा धुऊन हळूहळू निवळतं. खळ जाते, आटायचं तेवढं आटून होतं, सुटायचा तेवढा रंग सुटतो. मग पुढचं काम सुरू होतं, ते बसण्या-उठण्याने, घासण्याने, घामाने आणि उन्हाने. दर धुण्याला थोडा तंतू निघून जातो, सूत बारीक होतं, वीण सैल पडते. याला मराठीत 'विरणं' असा नेमका शब्द आहे. फाटणं वेगळं, विरणं वेगळं. फाटतं एका क्षणात आणि एका जागी. विरतं सगळीकडून आणि सावकाश. विरत आलेल्या लुगड्याला जुनेर म्हणतात. लहान बाळाला पहिल्या दिवसांत आपल्याकडे जुन्या कपड्याचंच झबलं, जुन्या लुगड्याचंच दुपटं करत आले. नवं कापड त्या कातडीला टोचतं. म्हणजे घरातलं सगळ्यांत नवं माणूस घरातल्या सगळ्यांत जुन्या कापडात गुंडाळलं जायचं. त्याला मऊपणा हवा आणि तो दुकानात मिळत नाही, आजीकडे मिळतो.

लुगड्याचा हा प्रवास पूर्वी ठरलेला असे. नवं लुगडं सणाला, मग रोजच्या नेसणीला. बसण्याउठण्याच्या जागी विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडायचे. त्याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं नेसून बाई शेतात जाई. त्यानंतर त्याचे परकर, झबली, दुपटी. मग गोधडी. गोधडीचीही चाळण झाली की हात पुसायचं फडकं आणि सगळ्यांत शेवटी शेणाने जमीन सारवायचं पोतेरं. गंमत म्हणजे हीच उतरंड बौद्धांच्या विनयपिटकात आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला राग आला, एवढ्या वस्त्रांचं हा भिक्षू करणार काय? आनंदाने हिशेब दिला. ज्यांची चीवरं विरली त्यांना ही वाटू. विरलेल्यांची पांघरुणं करू. पांघरुणं जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि त्यांच्याही चिंध्या झाल्या की कुटून मातीत मिसळून त्याने जमीन लिंपू. राजाचं समाधान झालं आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

या उतरंडीत गोधडीची पायरी बघण्यासारखी आहे. ती अगदी शेवटची नाही. फडकं कशाचंही होतं, पोतेरं तर होतंच. गोधडीला मात्र कापड नेमक्या वयाचं हवं. फार लवकर घेतलं तर ते कडक असतं, आटतं, सुईला अडवतं. फार उशीर झाला तर ते सुईच धरत नाही. टाका घातला की दोऱ्याबरोबर सूतच निघून येतं. या दोन टोकांच्या मधे काही वर्षांचा काळ असतो, तेवढ्यात ते उचलावं लागतं. काकू कपाटातली जुनी साडी काढतात, उजेडासमोर धरतात, दोन्ही हातांनी हलकेच ताणतात आणि कानाजवळ नेतात. कापड 'बोलतं' असं त्यांचं म्हणणं. आवाज आला तर अजून दम आहे. फार आवाज आला तर अजून दोन वर्षं नेसायची. मी कान लावून बघितलं, मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांनी वेगळ्या काढलेल्या दोन ढिगांतला फरक हाताला मात्र लगेच कळला.

मग शिवणं. ते मी सविस्तर बघितलं, कारण त्यांच्या बैठकीच्या खोलीत दिवाण सरकवल्याशिवाय गोधडी मावत नव्हती आणि दिवाण सरकवायला मला बोलावलं होतं. त्यांच्या सासूबाईंचं एक नऊवारी उरलं होतं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फुटांचे चार पदर होतात आणि पन्हा चार फुटांच्या आसपास. म्हणजे एक लुगडं बरोबर एका माणसाची गोधडी होऊन जातं. हे माप कुणी ठरवून केलेलं नसेल, पण इतकं चपखल बसतं की ठरवल्यासारखं वाटतं. घड्या घालताना विरलेला भाग विरलेल्यावर येऊ द्यायचा नाही. आला तर मधे एखादा धड तुकडा सरकवायचा, उशीचा जुना अभ्रा किंवा धोतराचा तुकडा. चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. काकूंनी दोन कोपऱ्यांवर तांदळाचे डबे ठेवले, एकावर वरवंटा आणि एकावर इस्त्री. आधी लांब लांब कच्चे टाके, पदर सरकू नयेत म्हणून. कडा आत मुडपून घ्यायच्या. मग कडेने सुरुवात करून आत आत येत धावदोरा घालत जायचा, चौकोनात चौकोन, शेवटी मधोमध पोचायचं.

सुई वरून चालते, पण शिवण होते ती खालून. डावा हात गोधडीखाली असतो आणि त्याच्या तर्जनीला सुईचं टोक जाणवलं की चारही पदर धरले गेले असं समजायचं. टोचेल एवढं नाही, कळेल एवढं. काकूंकडे अंगुस्तान आहे, पण ते त्या डाव्या बोटाला घालत नाहीत. घातलं तर कळणार कसं? आणि मास्टरचं कातरण का नको, त्याचं एक कारण मला इथे दिसलं. विरलेल्या कापडाचे चार पदर सुई एका दमात ओलांडते. एका फेरीत पाच-सहा टाके सुईवर गोळा करून मग दोरा ओढायचा. कोऱ्या कापडाचे चार पदर असते तर दर टाक्याला सुई खेचावी लागली असती. ओळीत बोटभर अंतर ठेवलं, म्हणजे साधारण दोन सेंटीमीटर, तर चार फुटांत साठेक ओळी बसतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची धरली तर सव्वाशे मीटर शिवण झाली. सेंटीमीटरला एक टाका म्हटलं तरी बारा हजारांवर टाके. एवढे टाके कोऱ्या कापडात घालायचे तर मनगट जायचं. झीज इथे नुसती मऊ लागत नाही, ती बाईचं काम शक्य करते.

आणि एकदा हे टाके पडले की नवल होतं. त्या लुगड्याचा एक पदर वेगळा धरून ओढला असता तर टर्रकन गेला असता. फाटलेलं कापड फाटत जातं, चीर धावते. पण गोधडीत चीर धावली तर बोटभर अंतरावर तिला टाका आडवा येतो. एका पदराचं भोक दुसऱ्या पदराच्या धड जागेवर येतं. प्रत्येक पदर कमकुवतच राहतो, फक्त कुणाचा कमकुवतपणा कुणावर पडू द्यायचा नाही एवढी मांडणी असते. उबेचंही तसंच. ऊब म्हटलं की आपण लगेच आजीच्या मायेकडे वळतो. ती माया खरीच. पण अंगाला जाणवणारी ऊब आधी येते ती पदरांमधे अडकून राहिलेल्या हवेची. हवा हलली नाही की उष्णता बाहेर जात नाही. विरलेलं कापड अंगाच्या वळणाने पडतं, कुठे फट ठेवत नाही. कोरं कापड उभं राहतं आणि बाजूने वारा घेतं.

ही जाण आपलीच आहे असंही नाही. कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. बंगालच्या बायका तर कांथ्यासाठी दोराही जुन्या साड्यांच्या काठांतून उसवून काढत. कापड झिजलेलं आणि दोराही झिजलेला, म्हणजे दोघे एकमेकांना कापत नाहीत. हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही जुन्याच कपड्यांच्या, कडेने सुरू करून मध्यावर संपणाऱ्या.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ही झीज कुणी हौसेने करत नव्हतं. दंड घातलेलं लुगडं नेसणारीकडे दुसरं लुगडं नसे. दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक वाळत, अशी घरं काकूंनी बघितली आहेत आणि त्यांना त्याचं कौतुक अजिबात नाही. चिंध्या हा आपल्या भाषेत शिवीसारखा शब्द आहे, तो उगाच नाही. गाडगेबाबा चिंध्या अंगावर घेऊन फिरले आणि लोकांनी त्यांना गोधडे महाराज म्हटलं. त्यांनी ते वस्त्र निवडलं होतं, बाकीच्यांवर ते पडलेलं होतं. म्हणून पुन्हा तसे दिवस यावेत असं म्हणणं दुष्टपणाचं होईल. म्हणायचं आहे ते एवढंच, की त्या नाइलाजातून एक पदार्थ तयार होत होता आणि बायकांनी तो ओळखला, त्याचं माप आणि वय जाणलं आणि त्याचा उपयोग शोधून काढला.

झीज शरीराची नक्कल ठेवते, हा आणखी एक भाग. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांचं. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण म्हणून पांघरायला. २००२ मध्ये त्या गावच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर नावाजल्या. कामाच्या कपड्यांच्या अशा गोधडीत गुडघ्याशी कापड फिकं होतं आणि जिथे खिसा उसवून काढला तिथे गडद चौकोन उरतो. ती नक्षी कुणी काढत नाही. ती माणूस वाकून काढतो, कुदळ धरून काढतो, वर्षानुवर्षं. नव्या कापडाच्या तुकड्यांत कितीही सुंदर नक्षी जमवली तरी ती शिवणाऱ्याची असते. जुनेराच्या गोधडीत वापरणाऱ्याचीही असते.

मग गोधडी मागे का पडली? ब्लँकेटं आली, गाद्या आल्या, बायकांना वेळ उरला नाही, ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला वाटतं मूळ कारण कापडाने झिजणं सोडलं, हे आहे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या सुती गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना सुरू झाला. एका वर्षात काही बदलत नाही, बदल आधीपासून चालू होता. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र दिसतं. पॉलिएस्टरची साडी स्वस्त, धुवायला सोपी, इस्त्री नको, रंग जात नाही. कष्टकरी बाईला ती वरदान वाटली, त्यात चूक काही नाही. फक्त ती विरत नाही. सुती कापड हवेतली ओल आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून घाम शोषत नाही, पाण्याने सैल पडत नाही. वीस वर्षांनी ती साडी घेऊन बघा, काठाला धागे निघाले असतील, गोळे आले असतील, पण अंगाने ती पहिल्या दिवसाएवढीच कोरी. ती जुनी होते, जुनेर होत नाही.

दुसरं कारण आमच्याच गावात घडत होतं. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी करायचा धंदा वर्षानुवर्षं चालला. पत्रा कापायचा, दाबायचा, चकचकीत करायचा. आणि चाळीचाळीतून टोपलीत भांडी घेऊन बोहारीण यायची. दोन साड्या, एक पॅन्ट, एक शर्ट यांच्या बदल्यात डबा किंवा पातेलं. तासभर घासाघीस. बोहारीण कपडा उलटासुलटा करून बघायची, उजेडासमोर धरायची, अगदी काकूंसारखीच. पण तिची परीक्षा नेमकी उलटी. विरलेलं तिला नको, दम असलेलं हवं, कारण ते पुढे विकायचं. त्यामुळे गोधडीचं वय यायच्या आधीच कपडा घराबाहेर जाऊ लागला. काकूंच्या मांडणीवरची निम्मी भांडी अशी आलेली आहेत. "गोधड्या सगळ्या तिथं चकाकतायत बघ," असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यात खंत नव्हती. पातेलं त्यांनी निवडलं होतं.

आता तर बोहारीणही क्वचित दिसते. कपडे विरायच्या आधी, फाटायच्या आधी, कधी कधी दुसऱ्यांदा धुवायच्याही आधी कंटाळवाणे होतात. म्हणून आज चमत्कार असा आहे की घरात टाकायचं कापड पूर्वी कधी नव्हतं एवढं आहे आणि गोधडीचा माल पूर्वी कधी नव्हता एवढा दुर्मीळ आहे. तुकडे उदंड, झीज नाही. आणि तिची भूक मात्र तशीच आहे. जीन्स कारखान्यात दगडांबरोबर घुसळून, गुडघ्याशी घासून फिक्या करतात आणि तशा जास्त पैशाला विकतात. न वापरता वापरलेलं हवं, म्हणून झीजसुद्धा मशिनवर करून घेतो. एसी लावलेल्या खोलीत पांघरायला गोधडी हवी म्हणून लोक पुन्हा ऑर्डर देतात. भाईंदरला थंडी ती कुठली, पण एसीची थंडी बारमाही असते. त्या ऑर्डरींतल्या पुष्कळशा गोधड्या नव्या सुती कापडाच्या असतात. दिसतात देखण्या. शिवणारीला चार पैसे मिळतात, हे चांगलंच. काही वर्षं वापरल्या तर त्याही मऊ होतील. फक्त त्या आजच्या गोधड्या नसून दहा वर्षांनंतरच्या आहेत.

काकूंची पहिली गोधडी पावसाआधी पुरी झाली. दुसरीला माल कमी पडला. नऊवारी संपलं, धोतर संपलं. मग त्यांना एक खाण सापडली, ती म्हणजे गाऊन. आमच्या इमारतीत घरोघरी बायका दिवसभर सुती गाऊनवर असतात. स्वयंपाक, धुणं, दुपारची झोप, खाली भाजी आणणं सगळं त्यातच. आजच्या घरात अक्षरशः विरेपर्यंत वापरला जाणारा हा एकच कपडा उरला आहे. बोहारीण तो घेत नाही, कुणाला देता येत नाही, फेकायला जीव होत नाही. काकूंनी चार मजले हिंडून अकरा गाऊन गोळा केले. प्रत्येकीने देताना ओशाळून म्हटलं, "फारच जुना झालाय हो." काकू प्रत्येकीला तेच सांगत होत्या, "असाच हवा."

आणि मास्टरचं पोतं? ते त्यांनी शेवटी मागून घेतलं. सुती तेवढं निवडलं, बादलीत दोन दिवस भिजवलं, वाळवलं आणि जोडून जोडून उशांचे सहा अभ्रे केले. त्यातला एक मास्टरला दिला. तो म्हणाला, "मौसी, इसका गोधडी नहीं बना?" काकू म्हणाल्या, "बनेगा. पहले चार साल इसके ऊपर सो."